ति. आई-बाबा, आम्ही अजून चार वर्षं इथेच राहतोय

ति. आई आणि बाबा, साष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं "जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इरा कुठाय" एवढ्यातच संपतं आणि महत्त्वाचं काही सुरू केलं की बाबा फोन आईकडे देतात, म्हणून नीट बसून लिहितेय. दोघं एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्हीच मोठ्याने वाचा, आईच्या डोळ्यांना ताण नको.

तर, आम्ही जूनमध्ये परत येत नाही आहोत. मंदारचं इथलं, इटलीतल्या पेरुजाच्या विद्यापीठातलं काम पुढे वाढलंय आणि मागच्या आठवड्यात आम्ही याच घराच्या नव्या करारावर सही केली. इथे घरभाड्याचा करार चार अधिक चार वर्षांचा असतो, १९९८च्या कायद्यानेच तसं ठरलंय, म्हणजे पहिली चार वर्षं आणि मग कोणी नको म्हटलं नाही तर पुढची चार. त्या पुढच्या चारचा विचार आम्ही केलेलाही नाही, त्यामुळे आई, तू लगेच आठ वर्षं मोजायला बसू नकोस. शिवाय सहा महिने आधी पत्र दिलं की आम्हाला घर सोडता येतं, ते कलम मी मुद्दाम लिहून घेतलंय, मंदार म्हणत होता एवढं कशाला, पण मला हवं होतं. तिथे कधी काही लागलं तर मला कुठल्या कागदाने अडवायला नको.

मुख्य कारण इरा. ती आता दुसरीत आहे आणि इथे प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत असते. चार वर्षांत तिची पाचवी पूर्ण होईल आणि मग पुढचं माध्यमिक कुठे करायचं ते ठरवायला तो बरोबर टप्पा आहे. आत्ता कुठे ती वर्गात हात वर करून बोलायला लागलीये, मैत्रिणी झाल्यात, सकाळी शाळेची छोटी बस रस्त्याच्या वळणावर येते तर ही धावत जाऊन चढते, मागे वळून बघतही नाही. अशा वेळी तिला उचलून तिसरीत साताऱ्यात बसवायचं म्हणजे... दादाला चौथीत कोल्हापूरहून आणलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मी ते पुन्हा काढत नाही. मराठी तिची सुटणार नाही, त्याची जबाबदारी माझी. रविवारी आजीबरोबर धडा वाचायचा हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं आहे की मागच्या रविवारी तू लग्नाला गेलेलीस तर ती पुस्तक उघडून टॅबसमोर बसून राहिली.

आणि बाबा, पैशासाठी राहतोय असं मनात आणू नका. पैसे तर मंदारला पुण्यातही मिळाले असते, कदाचित जास्तच. इथे घाई कमी आहे हो. दुपारी एक वाजला की दुकानं बंद, चारच्या आसपास परत उघडतात, मंदार पेरुजाला गेला नसेल त्या दिवशी आम्ही दोघं घरी बसून गरम जेवतो. तुम्ही रिटायर होईपर्यंत मी तुम्हाला दुपारी घरी जेवताना फक्त रविवारीच बघितलंय.

थंडीची काळजी करू नका. यंदा पेलेटची शेगडी सप्टेंबरमध्येच साफ करून घेतली, लाकडाच्या भुशाच्या त्या बारीक कांड्या पंधरा किलोच्या पिशव्यांत मिळतात आणि गॅरेजमध्ये हिवाळाभर पुरतील एवढ्या रचून ठेवल्यात. सकाळी उठायच्या आधीच ती आपोआप पेटते. इराला डॉक्टर नेमून दिलेला आहे, मुलांचा वेगळा, तपासायचे पैसे नाहीत. रात्रीबेरात्री औषध लागलं तर आसपासच्या गावांतलं एक तरी मेडिकल पाळीने उघडं असतं.

जेवणाचं तर आई तू डोक्यातून काढूनच टाक. हरभऱ्याचं पीठ साध्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, पिठलं आठवड्याला होतंच. रवा आहे, मसूरडाळ आहे, आणि ग्लुटेन न चालणाऱ्या लोकांसाठी ज्वारीचं पीठ ठेवतात, त्याची भाकरी थापली जाते, पाणी मात्र उकळतं लागतं नाहीतर चिरा पडतात. कोथिंबीर कुंडीत लावलीये. कढीपत्त्याची कुंडी थंडी सुरू झाल्यापासून घरात घेतलीये. आणि चवळी! ही गोष्ट तुला सांगायचीच होती. आमच्या या त्राझिमेनो तळ्याच्या काठाला एक बारीक कडधान्य येतं, फाजोलिना म्हणतात, आपली चवळीच आहे ती, जातही तीच, फक्त दाणा अगदी तांदळापेक्षा थोडा मोठा आणि एका मुठीत पांढरा, तांबूस, काळा, बदामी असे सगळे रंग. सगळ्या शेंगा एकदम पिकत नाहीत म्हणून जुलै ते सप्टेंबर बायका रोज वावरात जाऊन हाताने पिकतील तेवढ्याच तोडतात. मध्यंतरी हे पीक जवळजवळ संपलं होतं, थोड्या घरांनी आपापल्या वापरापुरतं बी राखलं म्हणून टिकलं. शेजारच्या सिन्योरांनी, म्हणजे बाईंनी, कागदाच्या पुडीत बांधून दिली, त्या नुसती उकडून वर ऑलिव्हचं तेल घालतात, मी तुझ्यासारखी गोडा मसाला आणि गूळ घालून उसळ केली आणि वाटीभर त्यांना नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्याच संपवली.

या सिन्योरा ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, छोटी फियाट पांडा स्वतः चालवत बुधवारी बाजाराला जातात आणि मलाही घेऊन जातात. इरा त्यांना नोन्ना, म्हणजे आजी, म्हणते. आई, वाईट वाटून घेऊ नकोस, इथे मुलं शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना तसंच म्हणतात, ती "आजी" म्हणते ते फक्त तुला. उलट त्यांच्याकडे बघून मला तुझीच जास्त आठवण येते आणि त्यांच्या पिशव्या उचलताना वाटतं की साताऱ्यात तुझी पिशवी कोण उचलतंय.

आत्ता नोव्हेंबर आहे, ऑलिव्ह तोडणीचे दिवस. शनिवार-रविवार आम्ही तिघं सिन्योरांच्या भाच्याच्या बागेत होतो. झाडाखाली हिरवी जाळी पसरायची, हातातल्या प्लास्टिकच्या फणीने फांदी वरून खाली विंचरायची, फळं टपटप जाळीवर पडतात, मग जाळी चारी बाजूंनी उचलून क्रेटमध्ये ओतायची. इराचं काम पानं आणि काड्या वेचून काढायचं. क्रेट लगेच घाण्यावर न्यायचे, फळ पडून राहिलं की तेलाचा वास बिघडतो. घाण्यावर सगळं गाव नंबर लावून उभं असतं आणि कोणाचं तेल किती उतरलं यावरच बोलत असतं. ताजं तेल हिरवंगार, घशाला चांगलंच झोंबतं. बाटली बाजूला ठेवलीये तुमच्यासाठी, बाबांच्या हार्टला चांगलं, पण म्हणून त्यात भजी तळायची नाहीत.

आता बाबा, तुमच्यासाठी. तुम्ही प्रत्येक वेळी विचारता तळ्यात पाणी किती, आणि मी "आहे चांगलं" म्हणून सोडून देते, तर हे घ्या. त्राझिमेनो क्षेत्रफळाने सुमारे १२८ चौरस किलोमीटर, इटलीतलं चौथं मोठं तळं, पण खोली कुठेही फार तर सहा मीटर. मोठी नदी एकही येऊन मिळत नाही, सगळा कारभार पावसावर, आणि नैसर्गिकपणे पाणी बाहेर जायला वाटही नाही. त्यामुळे शेकडो वर्षं कधी पूर तर कधी दुष्काळ. १४२०च्या सुमाराला ब्राच्चो फोर्तेब्राच्चो नावाच्या सरदाराने डोंगराखालून बोगदा खणून पाणी काढायची सोय केली आणि १८९८ मध्ये सान साविनोजवळ नवा बोगदा झाला, तो अजून आहे. पण गेल्या काही वर्षांत प्रश्न उलटा झालाय, पाऊस कमी आणि उन्हाने पाणी उडतं ते वेगळं, काठ इतका मागे गेलाय की होड्यांच्या धक्क्याजवळ गाळ दिसतो. शेजारच्या तोस्कानातल्या मोन्तेदोल्यो धरणातून इकडे पाणी आणायचं चाललंय. तुम्ही आलात की तिथल्या माणसाला विचारायला तुमच्याकडे शंभर प्रश्न असतील, मी दुभाषी म्हणून उभी राहीन.

आणि मार्मोरेचा धबधबा. तो बघताना मला तुमचीच आठवण येत होती सगळा वेळ. रोमन लोकांनी इ.स.पू. २७१ मध्ये वेलिनो नदीचं दलदलीत तुंबलेलं पाणी कालवा काढून कड्यावरून खाली सोडलं, म्हणजे हा धबधबा माणसाने केलेला आहे, १६५ मीटर, तीन टप्प्यांत. आता ते पाणी वीज करायला वापरतात म्हणून धबधबा वेळापत्रकाप्रमाणे सोडतात. आम्ही पोचलो तेव्हा खडकावर नुसती धार होती. मग भोंगा वाजला, लोक कठड्याशी सरकले आणि बघता बघता पाणी वाढत गेलं, तुषार आमच्या तोंडावर, इरा ओरडायला लागली. कण्हेर धरणावर तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभं करून नेलं होतं, दरवाजे उघडायचे होते त्या दिवशी, आणि भोंगा वाजल्यावर मी घाबरले तर तुम्ही तुमचे दोन्ही हात माझ्या कानांवर ठेवले होतेत. मी इराच्या कानांवर तसेच ठेवले.

आई, तुला मी ईझोला माज्जोरेला नेणार आहे. तळ्यातलं बेट, काठावरच्या कास्तिल्योने गावाच्या धक्क्यावरून बोटीने अर्ध्या तासाच्या आसपास, दगडी घरांची एकच गल्ली, बेटावर कायम राहणारी माणसं आता थोडीशीच उरलीत. १९०४ मध्ये तिथल्या एलेना गुल्येल्मी नावाच्या बाईंनी कोळ्यांच्या बायका-मुलींना हाताला काम मिळावं म्हणून क्रोशाची शाळा काढली, आयरिश पद्धतीची लेस, आणि त्या लेसचं आता तिथे एक छोटं म्युझियम आहे. काचेमागे ठेवलेल्या कॉलरी बघत मी कितीतरी वेळ उभी होते. बारीक पांढरा दोरा, गुलाबाची पाकळी पाकळीवर चढवलेली, मधली जाळी साखळ्यांची, आणि कडेला तेच मुका खांब आणि खांबाचे टाके, जे तू मला यादोगोपाळ पेठेतल्या घराच्या पायरीवर बसून शिकवत होतीस आणि मी दर वेळी दोरा घट्ट ओढायचे. तुझ्या हातचं काम यापेक्षा तसूभरही कमी नाही, मी मुलगी म्हणून म्हणत नाही. तुझा तो अननसाचा टेबलक्लॉथ ट्रंकेत ठेवू नकोस गं, काढ बाहेर, वापर.

त्याच बेटावर संत फ्रान्सिस १२११ मध्ये चाळीस दिवसांच्या उपासाला राहिले होते, दोन पाव घेऊन गेले आणि त्यातला अर्धाच खाल्ला असं सांगतात. हे वाचून तुला हुरूप येईल म्हणून आताच सांगते, शुगरच्या गोळ्या चालू असताना निर्जळी वगैरे काही करायची नाही. एकादशीला वरीचा भात, दही, फळं नीट खायची. डॉक्टरांनी सांगितलंय आणि मीही सांगतेय.

आता बाकीचं ऐका. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करून घ्यायचं, "उन्हाळ्यात बघू" चालणार नाही. दादा त्या आठवड्यात येणार आहे, मी बोललेय त्याच्याशी, त्याने हो म्हटलंय, तेव्हा तुम्ही दोघांनी त्याला "नको येऊस, आम्ही बघतो" म्हणून परत फिरवायचं नाही. बाबा, चार भिंतीच्या टेकडीपर्यंत फिरायला जायला कोणाचीच ना नाही, पण एकटे नाही आणि अंधारात नाही, देशपांडेकाकांबरोबर जा, मोबाईल खिशात ठेवा आणि तो चालूही ठेवा. माळ्यावरचं काढायला स्टूलवर चढायचं नाही. बाथरूममध्ये दांडी बसवायला माणूस शनिवारी येईल, पैसे दिलेत मी, त्याला दारातून परत पाठवू नका. रात्री नऊचा फोन तसाच, तेव्हा इकडे साडेचार झालेले असतात आणि इरा शाळेतून आलेली असते.

आणि बाबा, तुमचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय. आत्ताच रिन्यू करायला टाका. मे-जूनला या, तेव्हा हवा छान असते, ना थंडी ना ते ऑगस्टचं ऊन. व्हिसा नव्वद दिवसांपर्यंतचा मिळू शकतो, सगळे फॉर्म, बोलावण्याचं पत्र, इन्शुरन्स मी करते, तो कमीत कमी तीस हजार युरोचा लागतो, तुम्ही तिकडे कोणा एजंटकडे जाऊ नका. घर तळमजल्यावर आहे, एकही पायरी चढायची नाही, तुमची खोली बागेच्या बाजूची, बाथरूम लागूनच. विमानतळावर व्हीलचेअर मागवणार आहे, त्यात कमीपणा काही नाही, लांब चालायचं असतं. रोमच्या फ्यूमिचिनोला आम्ही तिघंही घ्यायला येऊ.

तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत आहे मला. जूनमध्ये घर भरेल म्हणून तुम्ही वरच्या खोलीला रंग दिलात हे दादाने सांगितलं. ती खोली आमचीच आहे, डिसेंबर २०च्या पुढे आम्ही तीन आठवडे येतोय, तिकिटं झालीत, तिथेच झोपू. काकूंनी काही बोललं तर मनाला लावून घेऊ नका, त्यांचं त्यांच्यापाशी. आणि रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, मंदारवर नको, त्याने मला दोनदा विचारलं होतं की आपण परत जाऊया का, नाही मीच म्हटलं.

आई, पत्र वाचून झालं की लगेच फोन करू नकोस, आधी दोघं जेवून घ्या. मग करा, मी जागीच आहे. येताना काय आणू ते लिहून ठेव, आणि कंदी पेढ्यांची ऑर्डर आधी देऊन ठेव, सिन्योरांना द्यायचे आहेत.

तुमची,
मनू

ता.क. इराने खाली तिचं नाव मराठीत लिहिलंय. "रा"चा काना तिने नंतर दिलाय, तिला रविवारी शाबासकी द्या.