सरळ क्यूविषयी नंदूला

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. स्नूकर खेळताना जवळचे पॉट, म्हणजे पॉकेटात घालायचे बॉल, बिनबोभाट जातात, पण लांबचा सरळ बॉल आला की तो हमखास पॉकेटाच्या डाव्या जबड्यावर, म्हणजे तोंडाच्या कडेवर, आपटून परत येतो, हे वाचताना तुझा वैतागलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. क्लबात म्हणे एकाने कोपराचा दोष काढला, दुसऱ्याने डोक्याचा, आणि तिसऱ्याने थेट नवा क्यू, म्हणजे मारायची काठीच, घ्यायला सांगितलं. नवा क्यू घेऊ नकोस, पैसे वाचव. बाकीच्या दोघांचंही लगेच मनावर घेऊ नकोस. त्यांनी तुला पॉट मारताना पाहिलंय, आणि पॉट मारताना पाहून कुणाच्याच हाताचा नीट अंदाज येत नाही.

का ते सांगतो. तू रेड, म्हणजे लाल बॉल, पसरून मारत बसतोस आणि किती गेले ते मोजतोस. अशा वेळी डोळ्याला सतत पॉकेट दिसत असतं. क्यू पुढे निघाला की आत कुठेतरी जाणवतं, रेघ चुकलीय. मग हात ऐनवेळी आपणहून वळतो. बॉल जातो, तू खूश होतोस. पण त्या पॉटमध्ये दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलेलं असतं. उभा राहिलास एका बाजूला तिरका, मारलंस दुसऱ्या बाजूला तिरकं. असे शेकडो पॉट मारलेस की हाताला ते वळणच पाठ होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की क्यू सरळ करायचा असेल तर काही दिवस पॉकेट विसर. रेडही रॅकमध्येच राहू देत.

आता थोडा हिशोब, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, आणि रेड यांच्यात १ मीटर अंतर धर. पांढरा अर्धा अंश चुकीच्या दिशेने निघाला, तर रेडपाशी पोचेपर्यंत तो जेमतेम ९ मिलिमीटर सरकलेला असतो. पण बॉलचा व्यासच ५२.५ मिलिमीटर. त्यामुळे तेवढ्याशा सरकण्याने रेडची दिशा ९ अंशांच्या आसपास बदलते, आणि पॉकेट पुढे २ मीटरवर असेल तर रेड त्याच्यापासून फूटभर लांब कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी काठावर, जाऊन लागतो. तू फूटभर चुकत नाहीस, तू जबड्यावर आपटतोस. म्हणजे तुझी चूक अंशाच्या दहाव्या हिश्शाएवढी, कदाचित त्याहूनही बारीक आहे. ती शेजारच्या टेबलावरून सल्ला देणाऱ्याला दिसणं शक्यच नाही. ती फक्त पांढरा बॉल दाखवतो, तेही त्याला पुरेसं लांब पळू दिलं तर.

त्यासाठी जुना, कंटाळवाणा आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगला सराव म्हणजे स्पॉटवरून, रंगीत बॉल ठेवायच्या खुणेवरून, सरळ मारायचं. पांढरा ब्राउनच्या स्पॉटवर ठेव. तिथून ब्लू, पिंक आणि ब्लॅक हे तिन्ही स्पॉट एका रेघेत आहेत आणि पलीकडची कुशन साधारण २.८ मीटरवर. मध्यम जोराने असा मार, की पांढरा तिन्ही स्पॉटवरून जाऊन त्याच वाटेने परत तुझ्यापर्यंत येईल. मारून झाल्यावर क्यू जिथे थांबला तिथेच राहू दे. हनुवटी वर उचलायची नाही, हात हलवायचा नाही. परत आलेला पांढरा टिपवर, म्हणजे क्यूच्या पुढच्या टोकावर, टेकला पाहिजे.

ऐकायला सोपं आहे, करायला गेलास की कळेल. पण चुकलास तरी बिघडत नाही, उलट खरी माहिती तिथेच मिळते. पांढरा जाताना बरोबर स्पॉटवरून गेला आणि कुशनवरून परतताना उजवीकडे सरकला, तर त्याला उजवी साइड लागली. म्हणजे टिप बॉलच्या मध्यावर न लागता थोडी उजवीकडे लागली. तो ब्लूपर्यंत पोचायच्या आतच रेघ सोडून निघाला आणि कुशनवरूनही जसा गेला तशाच कोनात परतला, तर साइडचा प्रश्न नाही, तुझा नेमच तिकडे होता. आणि जाताना एकीकडे, परतताना दुसरीकडे असा प्रकार दिसला, तर मघाशी म्हटलं ती दोन चुकांची जोडी समोर आली असं समज. जाताना ब्लूच्या स्पॉटवर नजर ठेव, परतताना टिपवर. दोन्हीकडे एकदम बघायला गेलास तर काहीच धड दिसणार नाही.

फार हळू मारू नकोस. कापडाला लव असते, ती बॉककडून, म्हणजे ब्राउनच्या टोकाकडून, ब्लॅकच्या दिशेने जाते. परतताना बॉल लवेच्या उलट येतो, आणि वेग मेला की शेवटच्या हातभर अंतरात तो हात नीट असूनही भरकटतो. टेबलाचा दोष आपल्या माथी घ्यायचं काही कारण नाही.

पट्टा असलेला बॉल मिळाला तर फारच छान. पट्टा उभा आणि बरोबर मारायच्या रेघेत येईल असा तो ठेवायचा. मध्यावर मारलंस तर पट्टा शेवटपर्यंत उभाच फिरताना दिसतो. केसभर जरी साइड लागली तरी पट्टा डोलायला लागतो, आणि ते कुशनपर्यंत जायच्या आधीच दिसतं. पूलचा बॉल घेतलास तर तो जरा मोठा असतो, मध्य थोडा वर येतो, एवढं लक्षात ठेव.

तुझा पांढरा बहुधा उजवीकडे परतेल. हा माझा अंदाज, पण बराचसा पक्का. सरळ बॉल डाव्या जबड्यावर जातो म्हणजे पांढरा त्याला उजव्या अंगाला लागतोय. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत याचं नेहमीचं कारण म्हणजे मागचा हात मारताना छातीकडे ओढला जातो. मागचं टोक आत आलं की ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या हाताच्या, पुढे टिप बाहेर, म्हणजे उजवीकडे जाते.

हात आत का ओढला जातो, हे बघायला तुझ्या मुठीकडे बघ. क्यू मागे नेताना मूठ घट्टच राहिली, तर मनगटाला वळण्यावाचून गत्यंतर नसतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मागे जाताना उघडलं पाहिजे. शेवटी क्यू अंगठा आणि पहिल्या दोन बोटांतच राहिला तरी चालतो. पुढे येताना बोटं आपोआप मिटतात, मिटवावी लागत नाहीत. अंगठा सरळ खाली, जमिनीकडे. आता एक करून बघ. क्यू नुसता मागे नेऊन थांब आणि तळव्याकडे बघ. तळव्यात आणि क्यूमध्ये थोडी फट दिसली तर ठीक. फट नसेल तर तुझा क्यू तिथेच वाकडा झालाय, पुढे काय होईल ते सांगायला नको.

तरी मुठीच्या आधी पाय. दहा जणांचा क्यू वाकडा असेल तर त्यातल्या बहुतेकांचा खरा घोळ पायांत असतो असं माझं मत आहे, आणि कोपराच्या मागे लागलेले लोक मला म्हणूनच फारसे पटत नाहीत. नेम उभ्याने घ्यायचा. पांढऱ्याच्या मागे दोन पावलं उभा राहा, रेघ बघ, उजवं पाऊल त्या रेघेवर ठेव आणि हनुवटी त्याच रेघेत खाली आण. खाली गेल्यावर नेम चुकलाय असं वाटलं, तर कंबर सरकवून जुळवत बसू नकोस. सरळ उठ आणि पुन्हा ये. वाकल्या वाकल्या केलेली दुरुस्ती म्हणजे हाताला आणखी एक वळण शिकवणं. तू हे करतोस. मागच्या वेळी भेटलो तेव्हा मी पाहिलंय.

कोपराविषयी दोन शब्द, नाहीतर म्हणशील विषय टाळला. हाताचा खालचा भाग कोपराच्या बिजागरीवर झुलतो, त्यामुळे मूठ पुढे-मागे जाताना थोडी वर-खाली होणारच. मारल्यानंतर कोपर थोडं खाली येऊ द्यावं की तिथेच ठेवावं, यावर लोक तासन् तास भांडतात. भांडू देत. टिप पांढऱ्याला लागते त्या क्षणी हाताचा कोपराखालचा भाग उभा असला म्हणजे झालं. वर-खालीचा फरक आणि डावी-उजवीचा फरक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझं दुखणं डावी-उजवीचं आहे.

डोक्याचं मात्र तुझ्या बाबतीत थोडं खरं असेल, ते चष्म्यामुळे. हनुवटी क्यूला टेकवली की आपण चष्म्याच्या वरच्या कडेतून, नाहीतर तिच्याही वरून बघायला लागतो. मग मान आपोआप वर येते, आणि मानेबरोबर खांदा. डेनिस टेलरचा तो उलटा वाटणारा मोठा चष्मा आठवतो ना? १९८५ ची जागतिक स्पर्धा त्याने तो घालून जिंकली, अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या, म्हणजे डावाच्या, शेवटच्या ब्लॅकवर १८-१७ असं हरवून. लोकांना गंमत वाटायची, पण काचा वर उचललेल्या होत्या त्या याच अडचणीपायी. तसला चष्मा घे असं म्हणत नाही. चष्मेवाल्याकडे वाकलेल्या स्थितीत नजर तपासून घे, किंवा लेन्स लावून बघ.

आणखी एक, क्यू हनुवटीच्या बरोबर मधोमध आला पाहिजे असा हट्ट धरू नकोस. जो डेव्हिसची उजवी नजर अधू होती, त्याचा क्यू डाव्या डोळ्याखालून चालायचा. १९२७ ते १९४६ या काळात त्याने १५ वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. ज्या डोळ्याने तुला रेघ सरळ दिसते, क्यू त्याच्याकडे झुकला तर झुकू दे.

तू लगेच जड ट्रंपचं नाव काढशील, माहीत आहे. त्याचा क्यू पुस्तकातल्यासारखा सरळ चालत नाही आणि तरी २०१९ मध्ये तो जगज्जेता झाला. खरं आहे. पण त्याचा वाकडेपणा दर वेळी तोच असतो, लहानपणापासून मुरलेला असतो. तुझा रोज वेगळा असतो.

हाताला नेम सुधारायची खोड किती लागलीय हे बघायची एक युक्ती आहे. स्पॉटवरून मारताना नेहमीसारखा वाक, क्यू दोन-तीनदा पुढे-मागे कर, टिप पांढऱ्याजवळ आणून थांब, आणि मग डोळे मीट. मिटल्या डोळ्यांनीच क्यू मागे ने, क्षणभर थांब, मार. नंतर डोळे उघड आणि पांढरा कुठे चाललाय ते बघ. डोळे उघडे असताना सरळ आणि मिटल्यावर वाकडा गेला, तर तुझी ठेवणच वाकडी आहे आणि हात ती झाकतोय. मिटल्यावर जास्त सरळ गेला, तर अभिनंदन. तुझा हात चांगला आहे, फक्त तू त्याला काम करू देत नाहीस. हा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. फक्त क्लब रिकामा असताना कर, लोक काहीबाही बोलतात.

मागे नेल्यावरचा तो थांबा विसरू नकोस. मागचं टोक वळतं ते बहुधा तिथेच, दिशा बदलताना. हिसका दिला की गेलंच.

स्पॉटवर पांढरा बऱ्यापैकी टिपवर यायला लागला की मग एक बॉल घे. सरळ पॉट लाव, मध्यम अंतराचा, आणि स्टन मार. पॉट झाला का ते बघूच नकोस, पांढरा बघ. तो जागच्या जागी मेला पाहिजे. जागेवर राहून गरगरत राहिला तर साइड आहे. मग तोच बॉल स्क्रूने, म्हणजे पांढरा उलटा फिरून मागे येईल असा, मार. पांढरा सरळ टिपकडे यायला हवा. स्क्रूमध्ये चूक उघडी पडते, कारण पांढरा वाट वाकडी करून परततो आणि कुठे येतो ते तुझ्या नाकासमोरच दिसतं. लांबचा ब्लू त्यानंतर, घाई नको. ब्लूच्या स्पॉटपासून कोपऱ्यातलं पॉकेट जवळजवळ २ मीटर आहे. तो पहिल्यालाच घेतलास तर पुन्हा पॉकेटकडे बघायला लागशील.

हे सगळं टेबलावर गेल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत कर, हात ताजा असताना. आणि कुणी फ्रेमला बोलावलं की बोटं, पाऊल, कोपर सगळं डोक्यातून काढून टाक. फ्रेममध्ये मुठीचा विचार करणाऱ्याचा साधा रेडसुद्धा जात नाही.

एक काम कर. फोन टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, ब्लॅकच्या मागच्या लाकडी कडेवर टेकवून ठेव आणि स्पॉटवरून मारतानाचं चित्रीकरण मला पाठव. बाजूने काढू नकोस, बाजूने सगळ्यांचाच क्यू सरळ दिसतो. अंशाची चूक त्यात दिसणार नाही, पण पाऊल कुठे पडतं आणि मूठ आत येते का, ते दिसेल. शक्य झालं तर आणखी एक मागून काढ, तुझ्या कोपराच्या उंचीवरून. पांढरा कुठे परतला तेही सोबत लिही, म्हणजे माझा उजवीकडचा अंदाज बरोबर की चूक ते कळेल.

तुझा,
बाळू