कारखाना फियाटचा नव्हता

महोदय,

काळ्या-पिवळ्या 'पद्मिनी' टॅक्सीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी वीस वर्षे पुरी करून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा आम्हा कुर्लेकरांनाही चुटपुट लागली होती. पण 'फियाटने कुर्ल्यात कारखाना काढला' हे वाक्य वाचून थबकलो. कारखाना फियाटचा नव्हे, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा. इटलीच्या फियाटशी करार मागाहून झाला. वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, म्हणजे या कारखान्याच्या कंपनीची, स्थापना 1944 ची. अमेरिकेच्या क्रायस्लरच्या सहकार्याने 1947 मध्ये इथून ज्या पहिल्या मोटारी बाहेर पडल्या त्या डॉज आणि प्लिमथ.

तोवर वालचंदांनी काय सोसले, ते लेखात यायला हवे होते. जनरल मोटर्स 1928 पासून शिवडीला सुटे भाग आणून गाड्या जुळवीत होती. जुळवणी म्हणजे मोटार बनवणे नव्हे, मोटार इथेच घडली पाहिजे, हा अभियंते विश्वेश्वरय्यांचा आग्रह. त्यांची योजना वालचंदांनी उचलली, 1939 मध्ये अमेरिका गाठली, क्रायस्लरला राजी केले. इकडे युद्ध सुरू झालेले. सैन्याला ट्रक हवेत म्हणजे सरकार हात देईल, असे कोणालाही वाटेल. दिल्लीच्या ब्रिटिश सरकारने मोटार-उद्योगाला युद्धोपयोगी मानायलाच नकार दिला! परदेशी कंपन्यांच्या जुळवणीवर सरकारचे भागत होते, दुसरे काय?

गंमत म्हणजे मोटार अडली आणि विमान पुढे गेले. त्याच दौऱ्यात एका अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी योगायोगाने गाठ पडली आणि म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. 1942 मध्ये सरकारने तीही ताब्यात घेतली. विशाखापट्टणमची जहाजगोदीसुद्धा याच माणसाची, 1941 ची. आणि सुरुवात कुठून, तर रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबरच्या ठेकेदारीतून. आमच्या पिढीला मात्र वालचंद ठाऊक ते रावळगावच्या गोळीमुळे.

पुढे बंदिस्त बाजारात प्रीमियरने गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, फियाटची जुनीच गाडी 'पद्मिनी' या नव्या नावाने विकली, हे मी नाकारत नाही. पण वालचंद 1953 मध्येच गेले. अडवणुकीतून उभा राहिलेला कारखाना नंतर परमिटराजच्या कुशीत सुस्तावला, यावर आपल्या लेखकांनी वेगळा लेख लिहावा.

कारखान्याच्या जागेवर आता टोलेजंग इमारती आहेत. रस्ता तेवढा अजून प्रीमियर रोड म्हणवतो. तिथल्या नव्या रहिवाशांना हे नाव कशावरून पडले विचारले, तर कोणी सिनेमागृहाचे म्हणते. जमल्यास येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, कुर्ला (प.), मुंबई