पाटा वाढवला म्हणजे ट्रॉली मजबूत झाली असे नाही

महोदय,

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला, की ओझर, पिंपळगाव, दिंडोरी भागात घरी किंवा गावच्या वर्कशॉपात बनवलेल्या छोट्या ट्रॉल्या दुरुस्तीला निघतात. मागणी ठरलेली: 'माल भरला की बसते, कमानीत (पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या स्प्रिंगमध्ये) एक पाटा, म्हणजे पट्टी, वाढवून द्या.' पाच पाट्यांच्या कमानीत तेवढ्याच लांबी-जाडीचा सहावा घातला, तर कमान साधारण २० टक्के कडक होते, एवढेच. अ‍ॅक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा बार), हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग), बेअरिंग आणि टायर यांची ताकद आहे तेवढीच राहते. उलट अर्धवट भरलेली ट्रॉली खड्ड्यात उडते आणि क्रेटमधल्या घडांचे मणी गळतात.

आधी अ‍ॅक्सलला दोरी लावून तो वाकलाय का ते बघावे. एक टन भार धरला तर एका चाकावर ५०० किलो. कमानीच्या मध्यापासून चाकाच्या मध्यापर्यंत २०० मिमी अंतर असेल, तर ४० मिमी चौकोनी बारवर ट्रॉली नुसती उभी असतानाच सुमारे ९४ मेगापास्कल ताण येतो. खड्ड्यात आदळून तो तिप्पट झाला, की साध्या लोखंडाची २५० मेगापास्कलची मर्यादा ओलांडली जाते आणि बार कायमचा वाकतो. ५० मिमीचा बार घेतला तर हाच ताण ४८ च्या आसपास येतो. दुसरा, स्वस्तातला उपाय म्हणजे कमानी चाकांकडे सरकवणे. २०० चे १५० मिमी केले, की त्याच बारवरचा ताण पाव हिश्शाने उतरतो. फक्त टायर पाट्याला घासणार नाही एवढी जागा ठेवावी.

उंची वाढवायला अनेकजण कमानीवरचा अ‍ॅक्सल कमानीखाली घेतात. ५० मिमीचा बार आणि ८ मिमीचे पाच पाटे असले, तर साटा (माल भरायचा वरचा भाग) सुमारे ९० मिमी वर जातो. त्यामुळे हुकाची (ट्रॉली वाहनाला जोडतात त्या जागेची) उंची पुन्हा जुळवावी लागते, नाहीतर साटा पुढे झुकतो. उंच रचलेला कांदा असेल तर वळणावर उलटण्याचा धोकाही वाढतो. या बदलात अ‍ॅक्सल उलटा फिरवू नये. काही बारना मधोमध वर बाक दिलेला असतो. तो खाली गेला की चाके आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात.

खरी नासाडी वेल्डिंगमध्ये होते. भार पडल्यावर बारची खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे वेल्डिंगचा आडवा टाका नको, तडा तिथूनच सुरू होतो. कमानीची गादी (कमान टेकते ती पट्टी) बारच्या लांबीच्या दिशेने वेल्ड करावी. पाट्यावर तर ठिणगीही पडू देऊ नये, पत्रा झाकावा. पाणी देऊन कडक केलेला पाटा असा भाजला, की त्याच ठिपक्यापासून तुटतो. अर्थिंगचा चिमटा ज्या तुकड्यावर काम चालले आहे त्यावरच लावावा. करंट हबमधून गेला तर बेअरिंगच्या रोलरवर चट्टे पडतात.

कमान अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे घ्यावेत, जुने ताणलेले असतात. शेवटचे आवळण्याआधी हुकाच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेपने माप घ्यावे. फरक एका सुतापेक्षा (सुमारे ३ मिमी) जास्त नको. पहिली भरलेली खेप झाली की यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. हे राहून जाते, मग सगळा जोर पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि अ‍ॅक्सल मागे सरकून ट्रॉली तिरकी चालते. बेअरिंगचा नट हब फिरवत आवळावा, मग सैल करून हाताने टेकवावा आणि नट सुटू न देणारी कॉटर पिन नवी घालावी. घट्ट ठेवलेले बेअरिंग तापून जाम होते.

ट्रॉली जीप किंवा पिकअपमागे लावायची असेल, तर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर येईल अशा बेताने अ‍ॅक्सलची जागा ठरवावी. माल फार मागे भरला तर ट्रॉली वेगात डुलू लागते. आणि नोंदणीतल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करायचा असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आड येते. काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत विचारून घेतलेले बरे, कारण नंतर अपघात झाला तर विम्याचा दावा याच मुद्द्यावर अडू शकतो.

आपला,
फॅब्रिकेशन क्षेत्रातील एक वाचक
सातपूर, नाशिक