बुधवारच्या भेटीआधी

मिरज,
सोमवार, रात्री

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू गॅसच्या सिलिंडरचे सांगितलेस, सुमीकडच्या बारशाला रजा मिळेल की नाही तेही सांगितलेस आणि त्या दोहोंच्या मध्ये, एका दमात, बुधवारी संध्याकाळी सहा वाजता कोथरूडला एका समुपदेशकांकडे पहिली भेट ठरवली आहे, असे सांगून मोकळा झालास. बाबा समोरच पेपर वाचत बसले होते, म्हणून मी "बरं झालं" एवढेच म्हणाले. ते तुला तुटक वाटले असेल, पण मनातून मला फार समाधान वाटले. वॉर्डात इतकी वर्षे काढली, तरी आपणहून, कोणी दंडाला धरून न आणता मनाच्या दुखण्यासाठी आलेले पुरुष मी फार थोडे पाहिले. तू स्वतः चौकशी केलीस, स्वतः वेळ घेतलीस, याचा मला अभिमान आहे. पोस्टाने हे पत्र बुधवारच्या आत पोहोचणार नाही, म्हणून लिहून झाले की पानांचे फोटो पाठवते.

तिथे काय होते ते आधी सांगते, म्हणजे आत जाताना धास्ती वाटणार नाही. सुरुवातीला एक फॉर्म भरायला देतात. त्यात काम, चालू औषधे, पूर्वीची आजारपणे आणि घरात कोणाला मनाचा काही आजार होता का, असे विचारलेले असते. तिथे नानांचे लिही. आपल्या घरात त्याविषयी कोणी बोलत नाही हे खरे, पण ती माहिती त्यांच्या उपयोगाची आहे. मग संमतिपत्र असते. ते पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. भेट साधारण ४५ मिनिटे ते तासभर चालते आणि पहिली भेट बहुतेक विचारण्यातच जाते: झोप कशी आहे, जेवण जाते का, कामात लक्ष लागते का, हे कधीपासून, त्याआधी काय घडले. त्यामुळे बाहेर पडताना हलके वाटेलच असे नाही. जुनी पट्टी सोडून जखम धुतली की आधी चुरचुरते, तसे त्या संध्याकाळी उलट जास्त जड वाटू शकते, म्हणून सात-साडेसातला ऑफिसचा कॉल ठेवू नकोस आणि उपाशीपोटी जाऊ नकोस.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्यांनी विचारल्यावर तू "तसं ठीक आहे" असे म्हणशील, याची मला भीती वाटते. चौथीत स्कॉलरशिपच्या परीक्षेआधी तू वाड्याच्या ओट्यावरून पडलास, ते आठवते का? दोन दिवस मी विचारत होते, "दुखतंय का रे?" आणि तू प्रत्येक वेळी मान हलवून "नाही" म्हणत होतास. तिसऱ्या दिवशी तुझ्या सरावाच्या वहीतली अक्षरे ओळ सोडून खाली घसरलेली दिसली, म्हणून मनगट हातात घेऊन पाहिले, तर ते गरम लागले. एक्सरेत हाड तडकलेले निघाले. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी तुझे कौतुक केले, की पोरगा रडला नाही. बाबांनी तर ते साऱ्या आळीला सांगितले. मला मात्र त्या दिवसापासून तुझ्या न रडण्याचाच धाक बसला आहे.

असो. कोणाकडे जातो आहेस, तेही नीट पाहा. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक म्हणवणाऱ्यांत मात्र मानसशास्त्रात एम. ए. करून पुढे कोणाच्या तरी देखरेखीखाली काम शिकलेले लोक असतात, तसेच थोड्या दिवसांचा अभ्यासक्रम करून पाटी लावणारेही असतात. तेव्हा शिक्षण कुठे झाले, तुझ्यासारख्या तक्रारी घेऊन आलेल्यांबरोबर काम केले आहे का, कोणत्या पद्धतीने काम करतात, हे पहिल्याच दिवशी विचार. तो उद्धटपणा होत नाही आणि चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही. पुढे कधी त्यांनीच मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली, तर घाबरून जाऊ नकोस. झोप फारच बिघडली असेल, तर काही काळ औषध आणि बोलणे ही दोन्ही बरोबर चालतात. रात्री तीन वाजता तू मेसेज वाचलेला असतोस, हे मला फोनवर दिसते.

आपण बोललेले बाहेर जाईल का, ही शंका तुला असणार. म्हणूनच तू कंपनीची फुकट सोय सोडून स्वतःच्या पैशाने खासगीत जातो आहेस, असा माझा अंदाज आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात उपचार घेणाऱ्याच्या माहितीच्या गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती सांभाळण्याचे बंधन आहे. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र ते गप्प राहू शकत नाहीत. ही मर्यादा त्यांनी पहिल्याच भेटीत समजावून सांगायला हवी. नाही सांगितली तर तू विचार. ते काय टिपून ठेवतात, ते कागद कुठे राहतात, तेही विचार.

त्या मर्यादेचे ऐकून तू तोंड मिटून बसू नयेस, म्हणून हे सांगते. बऱ्याच ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असे प्रत्येक प्रश्नात विचारलेले असते आणि 'अजिबात नाही' पासून 'जवळजवळ रोज' पर्यंत शून्य ते तीन असे गुण असतात. बेरीज जास्तीत जास्त २७ होते. आमच्याकडे पुरुष रुग्ण पहिल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच सरळ रेघ ओढून कागद परत देत. पेन टेकवायचे आणि खाली ओढायचे, एवढेच. नववा प्रश्न मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, हा असतो. कागद नसला तरी हे तोंडी विचारतील. ते सगळ्यांना विचारतात. तू तसा दिसतोस म्हणून नव्हे, आणि विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसे भरत नाही. 'हो' म्हटले म्हणजे लगेच दाखल करतात किंवा घरी फोन जातो, असेही नाही. आधी ते आणखी विचारतात, मग तसा प्रसंग आला तर काय करायचे, कोणाला फोन करायचा, हे तुझ्याबरोबर बसून लिहून काढतात. तुझे उत्तर काय असेल ते मी विचारणार नाही, असे ठरवूनच लिहायला बसले होते. तरी विचारते, निखिल, तसे काही आहे का? मला सांगायचे नसेल, तर त्यांना सांग. दोन भेटींच्या मधल्या रात्री अवघड गेल्या, तर १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या मदतसेवेचा नंबर आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. आत्ताच फोनमध्ये घालून ठेव.

वाचून पाहिले, तर मी ड्युटीवर असल्यासारखीच बोलत सुटले आहे. राग मानू नकोस.

पुढच्या भेटी बहुधा आठवड्याला एक अशा असतात. ही नोकरी सोड, ती धर, असा निर्णय समुपदेशक देत नाहीत. त्या अपेक्षेने गेलास तर चिडशील. ते प्रश्न विचारतात, कधी नुसते गप्प बसतात आणि ती शांतता लगेच भरून काढायची गरज नसते. आपल्याकडे अनेकजण अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात. त्यात घडलेली घटना, तिच्याविषयी मनात आलेला विचार आणि त्यातून उठलेली भावना वेगवेगळी लिहायला लावतात. वही दिली तर भर. तुझी अक्षरे ओळ सोडून गेली तरी चालतील. दुसऱ्या भेटीनंतर "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नकोस, तीन-चार वेळा जाऊन पाहा. तरीही जुळले नाही, तर तसे तोंडावर सांगून दुसऱ्यांचे नाव मागून घ्यायचे. ते त्यांना नवीन नसते. फी आणि भेट रद्द करण्याचा नियम आधीच विचारून घे, कारण बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी कळवले नाही तर पूर्ण पैसे घेतात. पैशांसाठी खाडा करू नकोस. आत्याकडून आलेले माझ्या खात्यात तसेच पडून आहेत.

बाबांना मी काही सांगितलेले नाही. ते ऐकताच येरवड्याचे नाव काढतील, अशी तुला धास्ती आहे, ती मला कळते. नानांच्या वेळी त्यांनी जे ऐकून घेतले, ते तुला ठाऊक नाही. पण रोज रात्री दार लावताना "निखिलचा फोन आला होता का?" हे तेच विचारतात. कधी सांगायचे ते तू ठरव.

बुधवारी भेट झाल्यावर काय बोलणे झाले ते मला सांगू नकोस. घरी पोहोचलास, जेवलास, एवढे कळव. आणि फॉर्मवर तातडीच्या संपर्कासाठी माझा नंबर लिही. सुमीचा नको, तिला आता तान्हे आहे. माझा फोन रात्री चालू असतो.

तुझी,
आई