सेक्रेटरी काका, तुमच्या डायरीतल्या त्या एका ओळीसाठी

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू दे गं, आधी चहा घे" म्हणून विषय बदलता. गेल्या दिवाळीत आई फराळाचा डबा घेऊन आली तेव्हा पण तेच, ती बिचारी दोन वाक्यं मनात जुळवून आलेली आणि तुम्ही लगेच म्हैस किती दूध देतेय, पेंड काय भावाने मिळते तेच विचारत बसलात, ती तशीच परत आली आणि रस्ताभर म्हणत होती की बोलायचं राहिलंच. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. ३० जूनला रोटरी क्लबचं वर्ष संपतंय, १ जुलैपासून क्लबात नवीन सेक्रेटरी येणार आणि ती डायरी तुमच्या हातात नसणार, त्याच्या आत हे लिहून व्हायला पाहिजे.

आमचं घर तुम्हाला माहीतच आहे पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. तवंदी घाटाच्या खाली, निपाणीच्या बाजूला, कर्नाटकात आमचं गाव, दीड एकर ऊस आणि दोन म्हशी. जानेवारी २०१८. उसाचा हंगाम ऐन भरात, थ्री फेज लाईट रात्रीची, म्हणून माझा धाकटा भाऊ अकरा वाजता उठून कडबा कुट्टीच्या मशीनवर वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, कापायला बसला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा. वाडं रोलरमध्ये अडकलं, ते त्याने हाताने आत ढकललं आणि रोलरने हातच ओढून घेतला. उजवा हात. बाबा बटणापर्यंत पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

त्या रात्री कोल्हापूरला नेलं, आपल्याकडनं कोल्हापूर चाळीस किलोमीटर आणि बेळगाव जवळपास दुप्पट, अशा वेळी कोण राज्याची हद्द बघतंय. जीव वाचला, कोपर वाचलं, कोपराखाली वीतभर हात राहिला.

पहिला महिनाभर घर माणसांनी भरलेलं असायचं. पाव्हणे यायचे, गल्लीतले यायचे, कॉलेजची पोरं यायची. मग कुणाची ऊसतोड आली, कुणाच्या घरी लग्न निघालं, परीक्षा आल्या, हळूहळू येणं कमी झालं. कुणाला दोष देत नाही मी, ज्याला त्याला आपापला संसार आहे. पण धाकटा तेव्हाच जास्त गप्प झाला. आणि तुम्ही नेमके तेव्हा आलात, सगळे यायचे थांबल्यावर.

ड्रेसिंगचं सामान मी ज्या मेडिकलमधनं न्यायचे ते दुकानदार तुमच्या क्लबचे मेंबर, हे मला तेव्हा माहीत पण नव्हतं. त्यांनी मीटिंगमध्ये विषय काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची स्कूटर आमच्या दारात. तुम्ही पैसे काढून दिले नाहीत, फोटो काढला नाही, धाकट्याच्या खाटेवर बसलात आणि म्हणालात, "बाळा, पुढं काय करायचं ठरवलंयस सांग की." तोपर्यंत सगळ्यांनी कसं झालं, कधी झालं एवढंच विचारलेलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही मला मीटिंगला बोलावलंत. मला वाटलं होतं मोठ्या लोकांचा क्लब म्हणजे कोटटाय आणि जेवणावळी असणार, मी चप्पल बाहेर काढावी की नको इथपासून घाबरलेले. आत बघते तर वीस-बावीस माणसं, किराणावाले, डॉक्टर, शाळेतले सर, तंबाखूचे व्यापारी, दोन-तीन बायका पण. बरोबर आठ वाजता अध्यक्षांनी घंटा वाजवली, सगळे राष्ट्रगीताला उभे राहिले, मग तुम्ही डायरी उघडून मागच्या आठवड्यात काय ठरलेलं ते वाचायला लागलात. कुठल्या शाळेत बेंच द्यायचे होते ते पोचले का, रक्तदानाच्या कॅम्पची तारीख कोणाशी बोलून घेतली, ज्याने काम घेतलं होतं त्याने उभं राहून सांगायचं, झालं असेल तर झालं, नसेल तर का नाही. भिंतीवर चार प्रश्नांचा बोर्ड होता, हे सत्य आहे का, सगळ्यांसाठी न्याय्य आहे का, याने सद्भावना आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. मी तो बोर्ड वाचतेय तोवर तुम्ही वाचलंत, "धाकटा. उजवा हात. कोपराखाली वीतभर. काम बाकी."

काका, ती ओळ मी नंतर खूपदा ऐकली. मी दर आठवड्याला येत नव्हते पण जेव्हा आले तेव्हा प्रत्येक वेळी ती ओळ वाचली गेली, आणि "काम बाकी" म्हटल्यावर कोणीतरी खुर्चीत हलायचं आणि विचारायचं, अजून? मग कोणाला तरी काहीतरी काम लागायचं. मला आधी वाटायचं दर आठवड्याला भेटून हे लोक करतात तरी काय, एवढा चहा आणि एवढी भाषणं. आता कळतं की दर आठवड्याला भेटतात म्हणूनच विसरत नाहीत. आमच्यासारख्या घराची आठवण कुणाला एकदा येते, फार तर दोनदा. तुमच्या डायरीत ती दर आठवड्याला आली, तब्बल सोळा आठवडे.

त्यातले चार-पाच आठवडे तर नुसते सर्टिफिकेटमध्ये गेले. दवाखान्याचे सगळे कागद कोल्हापूरचे, म्हणजे महाराष्ट्राचे, आणि अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायचं बेळगावात. फॉर्म कन्नडमध्ये. आपल्याकडे घरात मराठी, शाळा मराठी आणि शेताचा उतारा कन्नड, बाबा सही करतात पण कशावर करतात ते त्यांना वाचता येत नाही. एका ऑफिसातून आम्हाला दोनदा परत पाठवलं, एकदा कागद कमी म्हणून, एकदा साहेब नाहीत म्हणून, आणि त्या दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवर बसून बाबा रडले, ते मी पहिल्यांदा बघितलं. तुमची अर्धी नोकरी धारवाड-हुबळीला झालेली. तुम्ही स्वतः येऊन प्रत्येक रकाना आधी मराठीत वाचून दाखवलात, मग कन्नडमध्ये भरलात, आणि तिथल्या क्लार्कशी इतक्या गोड कन्नडमध्ये बोललात की त्यानेच उठून बाबांना खुर्ची दिली. सर्टिफिकेट चाळीस टक्क्यांच्या वर असलं तरच सवलती मिळतात हे पण तुमच्याकडनंच कळलं, त्याच्यावर एस.टी.चा पास झाला, स्कॉलरशिपचा फॉर्म भरता आला.

आणि हाताचं तर मला अजून नवल वाटतं. धाकट्याला तपासायला कोल्हापूरला घेऊन गेलो तो नेमका तुमच्या मीटिंगचा दिवस. तुमची आपली मीटिंग चुकली, तर रोटरीत तेव्हा असं होतं म्हणे की आपल्या क्लबची मीटिंग चुकली तर चौदा दिवसांच्या आत दुसऱ्या कुठल्या क्लबात जाऊन ती भरून काढायची. म्हणून तुम्ही आम्हाला दवाखान्यात बसवून तिथल्या क्लबच्या मीटिंगला गेलात. मला मनातनं जरा रागच आला होता, आम्ही इथं रांगेत आणि काकांना मीटिंगचं पडलंय. त्याच मीटिंगमध्ये पाहुणे आलेले ते एल.एन.-४ नावाच्या कृत्रिम हाताबद्दल बोलले. तुम्ही परत आलात ते जवळजवळ पळतच, आणि हातात कागदाच्या रुमालावर लिहून आणलेलं, कोपराखाली हात शिल्लक पाहिजे, ऑपरेशन नाही, लाईट नाही, बॅटरी नाही, फुकट.

येताना गाडीत तुम्ही सांगितलंत की अमेरिकेत एर्नी मेडोज नावाचे एक डिझायनर होते, त्यांची एलेन नावाची मुलगी अठराव्या वर्षी गाडीच्या अपघातात गेली आणि तिच्या आठवणीत त्यांनी हा हात बनवला, तो विकायचा नाही, नुसता द्यायचा. धाकटा खिडकीतनं बाहेर बघत होता पण ऐकत होता.

मे महिन्यात कॅम्प झाला. प्लास्टिकचा हात, आत कोपराखालचा भाग बसतो, वरनं वेल्क्रोचे पट्टे. बोटं दुसऱ्या हाताने उघडायची, पाहिजे तिथे आणली की लॉक होतात. बसवायला फार वेळ लागला नाही. कॅम्पवाल्यांनी त्याला पेन धरायला दिलं, ग्लास धरायला दिला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तो हसला पण ते दाखवण्यापुरतं हसणं होतं, बहीण आहे मी, मला कळतं.

खरं ते घरी झालं, ते तुम्हाला मी अजून सांगितलेलं नाही. काका, भाकरी मोडायला दोन हात लागतात. एकाने दाबून धरायची आणि दुसऱ्याने तुकडा काढायचा. चार महिने आई त्याची भाकरी कुस्करून, आमटी ओतून वाटीत द्यायची, लहान पोराला देतात तशी, आणि तो ती वाटी घेऊन आतल्या खोलीत एकटा जेवायचा. त्या रात्री तो चुलीपुढे येऊन बसला. आईने सवयीने वाटी पुढे केली. त्याने ती बाजूला सरकवली, ताट ओढलं, डाव्या हाताने ती प्लास्टिकची बोटं भाकरीच्या कडेवर दाबली, कट्कन आवाज आला आणि त्याने तुकडा मोडला. वाकडातिकडाच मोडला. आई तव्यावरची भाकरी उलटायची विसरली, ती करपली, आणि बाबा म्हणाले ती करपलेली मला दे.

आज तो गावातल्या डेअरीत दूध मोजून घेतो, फॅट लावतो, रजिस्टर लिहितो. बी.कॉम. पूर्ण केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं तेव्हा तुमच्या हॉलमध्ये धान्याची किट भरायला तो पाच दिवस होता, पिशव्यांच्या गाठी मारायचं काम त्याने स्वतःहून मागून घेतलं. पोलिओच्या रविवारी तुमच्याबरोबर बूथवर बसतो. देश २०१४ सालीच पोलिओमुक्त झाला तरी डोस थांबवून चालत नाही हे तो आता आयाबायांना तुमच्याच शब्दात समजावतो, आणि डोस झाला की पोरांच्या डाव्या करंगळीला मार्करची खूण करतो. मार्कर असतो त्या उजव्या हातात, पोरं रडायची थांबून हाताकडे बघत बसतात.

आणि कुट्टीच्या मशीनचं काम, ते तुम्ही आमच्यानंतर सुरू केलंत. गावोगावी जाऊन सांगता की अडकलेलं वाडं हाताने नको, लाकडाने ढकला, बटण हाताला लागेल असं बसवा, सैल बाह्या नकोत, रात्री एकट्याने बसू नका, रोलरला झाकण लावून घ्या. धाकटा पुढे उभा असतो आणि काही न बोलता वेल्क्रो सोडून हात काढून दाखवतो. त्यासाठी त्याला तयार करायला तुम्हाला वर्ष लागलं, तुम्ही एकदा पण जबरदस्ती केली नाहीत.

एक मागणं आहे काका. नवीन सेक्रेटरींना नवीन डायरी द्या, पण २०१८ ची ती हिरव्या पुठ्ठ्याची टाकू नका, रद्दीत तर अजिबात नको. ती मला द्या. त्यात मे महिन्याच्या पानावर तुम्ही "काम बाकी" खोडून शेजारी बारीक अक्षरात "भाकरी?" असं लिहिलंय, ते मी मागच्या मीटिंगला बघितलं. म्हणजे तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलेलं, आणि मला वाटतं ते बाबांनी.

पदग्रहणाला आम्ही चौघंही येतोय. आई या वेळी बोलणार आहे, तुम्ही म्हशीचा विषय काढायचा नाही.

तुमची,
धाकट्याची ताई