पाणचक्की जपणाऱ्या हातांनो, मनापासून आभार

वसंत लागला की जुन्या पाणचक्कीवर, कुणी न बोलावता, कामाला लागणाऱ्या तुम्हा सगळ्यांचे आभार. तुमची नावं मला ठाऊक नाहीत, पण काम रोज दिसतं.

पाटातला गाळ उपसून तुम्ही लगेच उचलून नेला नाहीत, काठालाच ठेवलात. त्यातले किडे, गोगलगायी सरपटत पुन्हा पाण्यात जाव्यात म्हणून! एक मावशी तर घमेल्यात बोटं घालून एकेक बेडूकपिल्लू वेचून पाण्यात सोडत होत्या. ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

भिंतीच्या दरजा भरताना एक फट तुम्ही तशीच सोडलीत, आत धोबी पक्ष्याचं घरटं होतं म्हणून. पिल्लं उडेपर्यंत चुना थांबला. झुडपांची छाटणीही तुम्ही विणीचा हंगाम सुरू होण्याआधीच उरकली होती.

आणि ते लाकडी चाक! एकाच जागी उभं राहिलं तर खालची बाजू पाणी पिऊन जड होते, वरची वाळून तडकते. तुम्ही ते नेमाने फिरवत राहिलात, जात्याच्या तळीला, म्हणजे खालच्या दगडाला, छिन्नीने टाके घातलेत, म्हणून आजही दाणा दळला जातो.

परवा पाटावर खंड्या सूर मारताना दिसला. तुमचीच आठवण झाली.