कुरसुरा आणि गाझी : मधे अख्खा देश आहे!

सन्माननीय संपादक महोदय,

नौदल दिनाच्या कालच्या पुरवणीत ‘कुरसुरा’ पाणबुडीला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखकमहाशयांनी पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडवल्याचं श्रेय सरळ कुरसुराच्या पदरात टाकलं आहे. गाझी बुडाली ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमच्या तोंडाशी. त्या रात्री कुरसुरा अरबी समुद्रात, मुंबईच्या वाटेवर होती. पाणबुडी पाण्याखालून जाते हो, जमिनीखालून नाही!

गाझी आपल्या ‘राजपूत’ विनाशिकेने बुडवली असं आपलं नौदल म्हणतं, पाकिस्तानला ते मान्य नाही. तो वाद चालू राहो, पण त्यात कुरसुराचं नाव दोन्हीकडचं कोणीच घेत नाही. मला वाटतं, आपले लेखक सहलीला गेले असावेत. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुराचं संग्रहालय आहे आणि त्याच किनाऱ्यावर १९७१ च्या विजयाचं स्मारकही. एका संध्याकाळी दोन्ही पाहिली, भेळ खाल्ली, लेख तयार.

मला हे लागायचं कारण घरचं आहे. माझे थोरले मामा त्या वेळी कुरसुरावर होते. बोट १८ नोव्हेंबरलाच गस्तीवर निघाली होती, युद्ध सुरू व्हायच्या आधी. गस्तीसाठी समुद्राचे दोन टापू ठरवून दिलेले, त्यांच्याबाहेर आखलेल्या मार्गानेच जायचं. समोरचं जहाज शत्रूचंच आहे याची पुरती खात्री झाल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही आणि व्यापारी जहाजाला तर खास हुकूम आल्याशिवाय हात लावायचा नाही. ३० तारखेला भर समुद्रात आपल्याच ‘करंज’ पाणबुडीला गाठून सूचना पोचवल्या, २ डिसेंबरला टापू सोडला, ४ तारखेला मुंबई. म्हणजे युद्धाला तोंड फुटलं तेव्हा ही मंडळी परतत होती. बावीस टॉर्पेडो मावणारी बोट एकही न डागता परत आली, हा तिचा १९७१ चा इतिहास. मामांना त्यात कमीपणा वाटत नसे. “वर जहाजाच्या पंख्याचा आवाज आला की कान लावायचा, लिहून ठेवायचं आणि जाऊ द्यायचं. सोडून देणं जास्त कठीण,” असं म्हणायचे. सुट्टीवर आले की त्यांच्या कपड्यांना डिझेलचा असा वास असे की आजी ट्रंक घरात घेऊ देत नसे, बाहेर बलकांवावर, म्हणजे ओसरीवरच उघडायला लावी.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका शाळेने त्यांना सत्काराला बोलावलं. सूत्रसंचालकांनी ओळख करून दिली ती ‘पाकिस्तानी जहाजांचा कर्दनकाळ’ अशी. मामा उठले आणि म्हणाले, “बाळांनो, आम्ही एकही जहाज बुडवलं नाही.” मुलांना काही वाटलं नाही, उलट पंचाहत्तर माणसं आंघोळ कुठे करतात, असल्या प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली (उत्तर : करत नाहीत). व्यासपीठावरचे चेहरे मात्र पडले. पाच मिनिटांत शाल, श्रीफळ आणि “वेळेअभावी”. गाडीत बसल्यावर मामा म्हणाले, “पुढच्या वेळेला एक-दोन बुडवून येतो.” आज ते हयात नाहीत. असते तर हे पत्र त्यांनीच लिहिलं असतं आणि आपल्याला ते छापता आलं नसतं.

जहाज बुडवणारीच पाणबुडी हवी असेल, तर त्या युद्धात तीही होती. तिचं नाव ‘हंगोर’, आणि ती पाकिस्तानची. ९ डिसेंबरच्या रात्री तिने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला बोट सोडून गेले नाहीत. हे घडलं दीवच्या समुद्रात, आणि दीव तेव्हा आपल्याच गोवा, दमण आणि दीव या केंद्रशासित प्रदेशात होतं. गोव्यातल्या दैनिकाच्या नौदल पुरवणीत त्यावर एक ओळसुद्धा नाही. जागा नव्हती म्हणावं, तर त्याच पानावर खाली कोणा युवा नेत्याचा वाढदिवस साजरा झाला आहे, हात जोडलेल्या अठ्ठावीस शुभेच्छुकांच्या फोटोंसह. मी मोजले.

खुलासा छापावा ही विनंती. तोही पुरवणीतच, तेवढ्याच ठळक अक्षरांत. निविदा आणि हरवले-सापडलेच्या मधे नको. आणि मागच्या खेपेसारखं पत्र अर्ध्यावर कापणार असाल, तर वरचे आभार कापा, दीवचा परिच्छेद ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, वास्को
(नाव आणि पत्ता कार्यालयाकडे दिला आहे.)